लाल चिलखताचा रंग आणि चित्रकाराची परीक्षा

हैदराबादेतील नामपल्ली हा भाग रेल्वे स्थानकासाठी जितका परिचित आहे, तितकाच तो ‘नुमाइश’ या लोकप्रिय नावाने ओळखल्या जाणाऱ्या अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शनासाठीही प्रसिद्ध आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पुढाकाराने १९३८ साली पब्लिक गार्डनमध्ये सुरू झालेले हे प्रदर्शन १९४६ साली नामपल्लीच्या आजच्या मैदानावर आले. साधारणपणे १ जानेवारीपासून पुढे दीड महिना ते भरते. देशाच्या कानाकोपऱ्यांतील हस्तकलेच्या वस्तू तेथे विक्रीस येतात. मैदानापासून फारसे दूर नसलेल्या पब्लिक गार्डनमध्ये राज्याचे पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि त्यात शस्त्रे व चिलखते यांचे स्वतंत्र दालन आहे. एका ठिकाणी हाताने रंगवलेल्या बाहुल्या, तर दुसऱ्या ठिकाणी योद्ध्यांनी एकेकाळी अंगावर वागवलेले लोखंड, असा हा योग आहे.

या दोहोंच्या मधोमध एक प्रश्न उभा राहतो. बोटाच्या दोन पेरांएवढ्या पुतळीवर चिलखताचे वजन, त्याची चकाकी आणि त्याचे झिजलेपण रंगाने कसे दाखवायचे? काल्पनिक युद्धखेळांच्या पुतळ्या रंगवण्याचा छंद जगभर रुजला असून भारतातील मोठ्या शहरांतील तरुणांमध्येही त्याची आवड दिसते. या छंदात सर्वांत अवघड मानल्या जाणाऱ्या कामांपैकी एक म्हणजे लाल चिलखत रंगवणे. निळे, हिरवे किंवा काळे चिलखत नवशिक्याच्या हातूनही बऱ्यापैकी साधते. लाल मात्र एकतर सपाट व निर्जीव दिसते, नाहीतर उजळवण्याच्या प्रयत्नात गुलाबी होऊन बसते. असे का होते, हे समजून घेतले तर रंग आणि प्रकाश यांच्या नात्याविषयी बरेच काही हाती लागते.

युद्धखेळ कोठून आला

टेबलावर मांडलेल्या सैन्याच्या साहाय्याने लढाईचा सराव करण्याची पद्धत प्रशियात विकसित झाली. राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली असा खेळ प्रशियाच्या राजापुढे मांडला आणि त्याच्या मुलाने १८२४ साली त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. तो खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. त्याला घरगुती करमणुकीचे रूप देण्यात इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम सांगितले. पुढे इतिहासातील सैन्यांच्या जोडीला राक्षस, बुटके, जादूगार आणि चिलखतधारी दैत्य यांची काल्पनिक सैन्येही आली. ब्रिटनमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणला आणि या छंदाला आजचे स्वरूप मिळाले.

या खेळातील पुतळ्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारख्या तयार मिळत नाहीत. बहुतेकदा त्या करड्या प्लास्टिकच्या चौकटीत सुट्या भागांच्या रूपात येतात. ते भाग कापून, घासून, चिकटवून पुतळी उभी करायची आणि नंतर ती रंगवायची, हे सारे खेळाडूने स्वतः करायचे असते. माणसाएवढ्या योद्ध्याची पुतळी सुमारे २८ ते ३२ मिलिमीटर उंचीची असते. तेवढ्यात शिरस्त्राण, खांद्यावरचे पत्रे, छातीचे कवच, खिळ्यांच्या टोप्या, पट्टे आणि बकला असे सगळे कोरलेले असते. अनेक हौशी खेळाडूंना प्रत्यक्ष खेळापेक्षा या रंगकामातच अधिक आनंद वाटतो आणि त्यांच्या कपाटातील कित्येक सैन्ये एकही लढाई न लढता मुक्काम करतात.

या छोट्या आकृतींना इंग्रजीत ‘मिनिएचर’ म्हणतात. हा शब्द ‘लहान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ ‘मिनियम’ या शब्दात आहे आणि मिनियम म्हणजे आपला शेंदूर. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतील आद्याक्षरे आणि शीर्षके शेंदराने रंगवली जात. त्या कामाच्या नावावरून हस्तलिखितातील चित्रांना नाव मिळाले. ती चित्रे आकाराने लहान असल्यामुळे शब्दाला पुढे ‘लघु’ हा अर्थ चिकटला. म्हणजे लघुचित्राच्या नावातच लाल रंग दडलेला आहे.

लालाची अडचण

कोणताही रंग उजळ करायचा तर त्यात पांढरा मिसळावा आणि गडद करायचा तर काळा मिसळावा, असे शाळेच्या चित्रकलेच्या तासाला शिकवले जाते. निळ्यात पांढरा मिसळला की फिकट निळा मिळतो आणि पाहणाऱ्याला तो निळाच वाटतो. लालात पांढरा मिसळला की मात्र गुलाबी मिळतो आणि गुलाबी हा डोळ्याला वेगळाच रंग वाटतो. लाल चिलखताच्या कडेवर गुलाबी रेघ ओढली की ते धातूचे न वाटता खडूने रंगवल्यासारखे दिसू लागते. काळ्याचीही तीच कथा आहे. लालात काळा मिसळल्यास चिखलासारखा मळकट तपकिरी तयार होतो आणि सावलीतही लाल असणारा तो पृष्ठभाग विझून जातो.

यावरचा उपाय मराठी भाषेतच दडलेला आहे. आपल्याकडे लाल हा एकच शब्द नाही. तांबडा, शेंदरी, डाळिंबी, किरमिजी, गेरूचा अशा किती तरी छटांना आपण स्वतंत्र नावे दिली आहेत. चित्रकाराने लाल उजळवताना पांढऱ्याकडे न जाता शेंदरीकडे, म्हणजे नारिंगी छटेकडे जावे आणि गडद करताना काळ्याऐवजी किरमिजी, जांभळट किंवा तपकिरी छटेकडे वळावे. असे केले की सर्वांत उजळ भागापासून सर्वांत गडद भागापर्यंत डोळ्याला एकच लाल पृष्ठभाग दिसतो.

दुसरी अडचण रंगद्रव्याची आहे. अनेक लाल रंग स्वभावतः पारदर्शक असतात आणि खालचा थर पूर्ण झाकत नाहीत. काळ्या अस्तरावर असा लाल लावला तर तो निस्तेज दिसतो. पांढऱ्यावर लावला तर तेजस्वी दिसतो, पण फटकारे आणि डाग उघडे पडतात. पिवळसर अस्तरावर तोच लाल शेंदरी झाक घेतो. त्यामुळे लालाच्या बाबतीत अस्तराचा रंग ठरवणे म्हणजे अर्धे काम ठरवणे होय. गेरूसारखा तपकिरी किंवा मातकट गुलाबी थर आधी दिला तर त्यावर लाल लवकर आणि सारखा बसतो, असा अनुभवी चित्रकारांचा रिवाज आहे.

तिसरी अडचण डोळ्याची आहे. प्रकाश कमी होत गेला की लाल रंग हिरव्या आणि निळ्यापेक्षा आधी काळवंडतो. संध्याकाळी बागेत जास्वंदीची फुले काळपट दिसू लागतात, त्या वेळी तिची पाने मात्र अजून स्पष्ट असतात. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने ही गोष्ट नोंदवली म्हणून तिला त्याचे नाव मिळाले आहे. खेळाचे टेबल बहुधा घरातील दिव्याखाली असते आणि पाहणारा हातभर अंतरावर असतो. जवळून, प्रखर दिव्याखाली रंगवलेली गडद लाल पुतळी तेथे काळा ठिपका होऊन बसते. म्हणून लाल चिलखतावरील उजळ भाग रंगवताना थोडे अधिक धाडस दाखवावे लागते.

खरे चिलखत काय सांगते

लोखंड किंवा पोलाद मुळात लाल नसते. मग इतिहासात लाल चिलखत कधी होते का? होते आणि त्याचे किमान दोन प्रकार चित्रकाराला उपयोगी आहेत.

पहिला प्रकार जपानमधील. तेथील चिलखतांच्या पट्ट्यांवर लाखेसारख्या झाडाच्या चिकाचे अनेक थर देत आणि त्यात हिंगूळ मिसळून ती लाल करीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ई नाओमासा या सरदाराने आपल्या संपूर्ण पथकाला लाल चिलखते दिली आणि ते पथक ‘लाल राक्षस’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ही पद्धत त्याने तकेदा घराण्याच्या पाडावानंतर आपल्याकडे आलेल्या लढवय्यांकडून उचलली होती. युद्धभूमीवर दुरून ओळखू येणे आणि शत्रूच्या मनात धाक बसवणे, हे दोन्ही हेतू त्यामागे होते. काल्पनिक युद्धखेळांतील रक्तवर्णी योद्ध्यांमागेही हाच हेतू असतो.

दुसरा प्रकार आपल्या उपखंडातला. ‘चिलटा हजार माशा’ या नावाने ओळखले जाणारे चिलखत म्हणजे जाड, भरीव शिवलेला अंगरखा असे. त्यावर मखमल, बहुधा लाल, आणि तिच्यावर सोनेरी मुलामा दिलेल्या असंख्य खिळ्यांच्या टोप्या. याशिवाय कड्या आणि पत्रे जोडून केलेले जिरेबख्तर आणि छाती, पाठ व दोन्ही बगलांवर बांधायचे चार पत्र्यांचे ‘चार-आईना’ हेही दख्खनमध्ये वापरात होते. आईना म्हणजे आरसा. घासून चकचकीत केलेला पत्रा भोवतालचे जग दाखवतो, हे त्या नावातच सांगितले आहे.

या दोन प्रकारांतला फरक रंगकामात मोलाचा ठरतो. चिकाचे थर दिलेला पृष्ठभाग तुळतुळीत असतो. त्यावर प्रकाशाचा ठिपका लहान, तीक्ष्ण आणि जवळजवळ पांढरा पडतो आणि त्याच्या शेजारीच रंग एकदम गडद होतो. मखमलीवर उलटे घडते. समोरून ती गडद दिसते आणि घडीच्या वा वळणाच्या कडेवर मऊ उजेड पसरतो. पुतळीवर लाल चिलखत रंगवायला बसण्यापूर्वी ते कशाचे आहे हे चित्रकाराने मनाशी ठरवायला हवे. रंगवलेला पत्रा, चिकाचे थर, चामडे की कापड, हे ठरले की उजळ भाग कोठे आणि किती तीक्ष्ण असावा हे आपोआप ठरते. नवशिक्याचे लाल चिलखत प्लास्टिकसारखे दिसते त्याचे कारण बहुतेकदा हेच असते की, त्याने ते कशाचे आहे हे ठरवलेलेच नसते.

संग्रहालयात जुनी चिलखते पाहताना आणखी दोन गोष्टी टिपता येतात. घासटण्याची सर्वाधिक शक्यता असलेल्या कडा, म्हणजे खांदे, कोपर आणि पत्र्यांची टोके, उजळ झालेल्या असतात. उलट खिळ्यांच्या बुडाशी, सांध्यांत आणि खाचांत काळपटपणा साचलेला असतो. पुतळीवर रंगवायचे असते ते नेमके हेच.

रंगवण्याचा क्रम

कामाची सुरुवात रंगाने होत नाही. साच्याच्या दोन भागांच्या जोडावर राहिलेली बारीक रेघ धारदार पात्याने खरवडून काढावी लागते. चिलखताच्या सपाट पत्र्यावरून अशी रेघ गेलेली असली तर पुढचे सारे रंगकाम ती बिघडवते. मग साबणाच्या पाण्याने पुतळी धुऊन वाळवावी, कारण साच्यातून आलेल्या तेलकटपणावर रंग धरत नाही. त्यानंतर प्राइमरचा पातळ, सारखा थर द्यावा.

एक उपयुक्त युक्ती अशी की, आधी पूर्ण पुतळीवर गडद तपकिरी किंवा काळा थर द्यावा आणि नंतर केवळ वरून, डोक्यावर आलेल्या सूर्याच्या दिशेने, फिकट रंगाचा फवारा मारावा. वरचे भाग उजळ आणि खालचे गडद राहतात. पुढे पारदर्शक लाल चढवला तरी प्रकाशाचा हा आराखडा खालून डोकावत राहतो आणि कोठे उजेड, कोठे सावली याबाबत चित्रकाराचा गोंधळ होत नाही.

पहिला थर गडद लाल, तपकिरीकडे झुकणारा असावा. ॲक्रिलिक रंग बाटलीतून थेट लावू नये. तो दुधाइतका पातळ करून दोन किंवा तीन वेळा लावावा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. एकाच जाड थराने कोरीव तपशील बुजतात आणि कुंचल्याच्या खुणा कायमच्या राहतात.

दुसरा टप्पा सावल्यांचा. किरमिजी-तपकिरी रंग पाण्याने चांगला पातळ करून खाचांत, सांध्यांत आणि खिळ्यांच्या भोवती सोडावा. तो आपोआप खोलगट भागात उतरतो. सपाट पत्र्यावर त्याची डबकी साचू लागली तर ओलसर कुंचल्याने लगेच टिपून घ्यावीत, नाहीतर वाळल्यावर पाण्याच्या डागासारख्या कडा उमटतात.

तिसऱ्या टप्प्यात शुद्ध, तेजस्वी लाल येतो. तो सगळीकडे न लावता सावलीचा भाग सोडून उरलेल्या पत्र्यावर लावावा. येथे मनाला आवर घालावा लागतो. पाहणाऱ्याला चिलखत लाल होते असे आठवावे, म्हणून या लालाने सर्वांत मोठी जागा व्यापली पाहिजे. उजळ छटा कितीही आकर्षक असल्या तरी त्यांनी मूळ रंग गिळता कामा नये.

चौथा टप्पा कडांचा. लालात नारिंगी मिसळून पत्र्यांच्या वरच्या कडांवर बारीक रेघ ओढावी. या रेघेसाठी कुंचल्याचे टोक वापरण्यापेक्षा त्याची बाजू कडेवरून हलकेच फिरवली तर रेघ सरळ येते. त्याच्याही आत, फक्त कोपऱ्यांवर आणि टोकांवर, नारिंगीत किंचित त्वचेसारखा फिका रंग मिसळून बारीक ठिपका द्यावा. येथे शुद्ध पांढरा वापरू नये. प्रकाश एकाच बाजूने येतो हे लक्षात ठेवून खालच्या कडा तुलनेने मंद ठेवाव्यात. सगळ्या कडांवर सारख्याच जाडीची उजळ रेघ ओढली तर पुतळी तारेने बांधल्यासारखी दिसते.

अखेरीस भोवतालचे रंग येतात. लालाशेजारी सोनेरी किंवा पितळी काठ उठून दिसतो आणि पायाखालच्या जमिनीवर हिरवट गवत असले तर लाल अधिक तेजाळ वाटतो, कारण हिरवा हा लालाचा विरोधी रंग आहे. याच कारणाने लालाच्या सर्वांत खोल सावलीत हिरव्याचा अगदी लहानसा अंश मिसळला तर सावली काळी न होता खोल होते.

कुंचल्याबाबत एक गैरसमज दूर व्हायला हवा. बारीक कामासाठी सर्वांत बारीक कुंचलाच हवा असे नाही. फार बारीक कुंचल्यात रंग टिकत नाही आणि तो पुतळीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. मध्यम जाडीचा, पण टोक अचूक असलेला कुंचला अधिक कामाचा. राजस्थानी लघुचित्रकार खारीच्या केसांचे कुंचले वापरत, तेही टोकाच्या गुणासाठीच.

निर्मल ते सावंतवाडी

हे सारे ज्ञान परदेशातून आलेल्या खेळाबरोबर आले, असे मानण्याचे कारण नाही. हैदराबादच्या उत्तरेस, महाराष्ट्राच्या सीमेलगत, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात आणि २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा असलेल्या निर्मल येथे लाकडी रंगीत खेळण्यांची जुनी परंपरा आहे. या सीमावर्ती पट्ट्यात मराठी बोलणारी वस्तीही बरीच आहे. निर्मलचे कारागीर हलके, मऊ लाकूड कोरून फळे, पक्षी, प्राणी आणि माणसांच्या आकृत्या करतात. सुटे भाग जोडण्यासाठी आणि पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांची लांबी वापरली जाते. त्यावर पांढरा थर आणि मग रंग. लांबी, अस्तर, रंग आणि शेवटी चमक हा क्रम युद्धखेळाच्या पुतळ्यांच्या क्रमापासून फारसा वेगळा नाही. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळाली आहे.

गोव्याच्या वाचकाला यासाठी निर्मलपर्यंतही जावे लागत नाही. सीमेपलीकडच्या सावंतवाडीत चितार आळीतील कारागीर पिढ्यान्पिढ्या लाकडी फळे आणि खेळणी रंगवीत आले आहेत. पिकलेल्या आंब्याच्या गालावरची लाली पिवळ्यातून शेंदरीत आणि शेंदरीतून तांबड्यात कशी उतरते, हे तेथील कारागीर पांढऱ्याचा एक ठिपकाही न वापरता दाखवतो. लाल चिलखत उजळवण्याचे रहस्य हेच आहे. सावंतवाडीच्या गंजिफांमध्येही हीच शिस्त दिसते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी १२ पाने, अशी एकूण १२० पाने असतात. तळहातात मावणाऱ्या वर्तुळावर परशुराम किंवा राम ओळखू येईल असा रंगवायचा तर प्रत्येक रेघेला काम असावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला विझण्यापासून वाचवली.

येथे एक आर्थिक प्रश्नही आहे. परदेशी पुतळीवर तासन् तास बारीक काम करणाऱ्या हौशी चित्रकाराला एका रेघेमागचे श्रम कळतात. तीच नजर जत्रेतल्या किंवा प्रदर्शनातल्या दुकानात लाकडी बाहुलीपुढे मात्र अनेकदा घासाघीस करते. यंत्राने छापलेला रंग आणि हाताने उतरवलेली छटा यांतला फरक ओळखणारा ग्राहक मिळाला, तरच कारागिराच्या मुलाला हाच धंदा पुढे चालवावासा वाटेल.

दमट हवा आणि रंग

दख्खनच्या पठारावरील कोरडी हवा आणि गोव्याची किनारी हवा यांत रंगकामाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. हैदराबादच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग तबकडीवरच वाळून जातो. तेथे ओल्या स्पंजावर लोणी-कागद पसरून त्यावर रंग ठेवणे उपयोगी पडते. गोव्यात पावसाळ्यात अडचण उलट असते. हवेत बाष्प जास्त असताना फवाऱ्याचा प्राइमर मारला तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि व्हार्निशवर पांढुरके धुके बसते. लालावर हे धुके सर्वांत आधी आणि सर्वांत वाईट दिसते, कारण त्याने सगळे चिलखत पुन्हा गुलाबी होते.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात फवाऱ्याऐवजी कुंचल्याने लावायचा प्राइमर आणि कुंचल्यानेच लावायचे व्हार्निश बरे. दोन थरांमधील वेळ वाढवावा आणि पुतळी झाकणाच्या डब्यात वाळत ठेवावी. गोव्यातील गणपतीच्या चित्रशाळांना या हवेची पुरती ओळख आहे. ऐन आषाढ-श्रावणात माती वाळवून तिच्यावर रंग चढवायचा आणि चतुर्थीला मूर्ती घरोघरी पोहोचवायची, हे वेळापत्रक त्यांनी पावसाशी जुळवून घेत सांभाळले आहे. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही शिस्त चित्रशाळेत आणि छंदाच्या टेबलावर सारखीच लागू पडते.

लाल रंगातील विष

या छंदाची एक बाजू गांभीर्याने घ्यायला हवी. जगातील जुने तेजस्वी लाल रंग बहुतांशी विषारी होते. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे, तर हिंगूळ पाऱ्याचे. लघुचित्रकार आणि रंगारी यांना कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची सवय असते आणि ती आजही अनेक हौशी चित्रकारांत दिसते. या सवयीची किंमत गेल्या शतकात अमेरिकेतील कामगार मुलींनी मोजली. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या त्या रेडियममिश्रित रंगाने रंगवीत आणि कुंचल्याचे टोक ओठांनी नीट करीत. अनेकींचे जबडे सडले आणि कित्येक जणी दगावल्या.

आजचे पुतळ्यांसाठीचे पाण्यात मिसळणारे रंग पूर्वीच्या मानाने निर्धोक आहेत. तरीही कॅडमियमसारखी द्रव्ये असलेले रंग बाजारात मिळतात, म्हणून बाटलीवरील सूचना वाचूनच रंग निवडावा आणि कुंचला तोंडात कधीही घालू नये. टोक नीट करण्यासाठी ओल्या कापडावर तो फिरवला तरी पुरते. जुन्या धातूच्या पुतळ्यांबाबत अधिक दक्षता हवी. १९९० च्या दशकापर्यंत त्यांच्या मिश्रधातूत शिसे असणे ही सामान्य गोष्ट होती. अशी पुतळी घासताना उडणारी भुकटी श्वासात किंवा अन्नात जाऊ नये म्हणून पाण्यात भिजवून घासावे, नंतर हात धुवावेत आणि ती लहान मुलांच्या हाती देऊ नये.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. खेळण्यांसाठी भारतीय मानक चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक निर्देशांक असलेली खेळणी यांना त्यातून सूट आहे. ही सूट छोट्या कारागिरांना तपासणीचा खर्च परवडत नाही म्हणून दिली गेली आणि ती योग्यही आहे. पण त्यामुळे सुरक्षित रंग वापरण्याची जबाबदारी कारागिरावर आणि ते विचारून घेण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. हाताने रंगवलेले लाल खेळणे तान्ह्या बाळासाठी घेताना रंग कोणता आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

सुरुवात कशी करावी

ज्यांना हे काम करून पाहायचे आहे, त्यांनी महागड्या पुतळीपासून सुरुवात करण्याची गरज नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचा मातीचा मावळाही सरावाला उत्तम. एक गडद तपकिरी-लाल, एक शुद्ध लाल, एक नारिंगी आणि सावलीसाठी किरमिजी, असे चार रंग पुरे होतात. दिवा डाव्या किंवा उजव्या एकाच बाजूला, स्थिर असावा. पहिली पुतळी रंगवून झाली की ती हातभर अंतरावर ठेवून संध्याकाळच्या उजेडात पाहावी. चिलखत लालच दिसत असेल आणि त्याची कड कोठे संपते व सावली कोठे सुरू होते हे डोळ्याला विनासायास कळत असेल, तर काम साधले. तसे नसेल तर दुरुस्ती बहुधा एकाच ठिकाणी हवी असते. उजळ रेघ अजून थोडी शेंदरीकडे न्यावी आणि तिची जागा निम्म्याने कमी करावी.